सकाळच्या पहिल्या मिनिटात झडपेकडे कान द्या

रात्रभर उभी असलेली स्पोर्ट्स कार सकाळी सुरू केली की पहिले मिनिटभर ती दणक्यात वाजते. बऱ्याच मालकांना हा आवाज मनापासून आवडतो, आणि त्यात काही चूक नाही. पण ज्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये उघडमीट करणारी झडप आहे आणि डॅशबोर्डवर तिचे बटन आहे, त्या गाडीचा सकाळचा आवाज एखाद्या दिवशी बदलतो. बटन दाबूनही गाडी शांत होत नाही. किंवा एकाच बाजूची नळी भरभरते. किंवा सुरुवातीला पत्र्याची खरखर येते आणि गाडी तापली की ती थांबते. मालक गाडी गॅरेजमध्ये नेतो तोवर इंजिन तापलेले असते. मेकॅनिक बटन दाबून बघतो, झडप नीट चालते, आणि ‘काही प्रॉब्लेम नाही’ असे उत्तर मिळते. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की कोणीतरी अख्खा सायलेन्सर बदलायला सांगतो. आयात गाडीच्या बाबतीत हा खर्च फार मोठा असतो, आणि अनेकदा तो सगळा वाया जातो, कारण दोष वीतभर रबरी नळीत असतो.

म्हणून पहिली गोष्ट ठामपणे सांगतो. थंड इंजिनात दिसणारा दोष थंड इंजिनातच शोधायचा. गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये ठेवा, सकाळी मेकॅनिकसमोरच पहिल्यांदा सुरू करा, आणि तपासणी स्वस्त भागापासून महाग भागाकडे न्या. हा क्रम पाळला तर यातले बरेचसे काम हाताशी थोडी साधने असलेल्या मालकालाही जमण्यासारखे आहे.

इथे थंडी हवेची नव्हे, इंजिनाची मोजायची. इंजिनातले पाणी साधारण ९० अंश सेल्सिअसला पोचले की ते आपल्या नेहमीच्या तापमानावर येते. मुंबईत मे महिन्यात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी ३० अंशांवर असली तरी इंजिनाच्या हिशेबाने ती थंडच. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे ती १० अंशांच्या आसपास असेल. मिशिगनमध्ये, जिथे वाहन उद्योगात काम करणारी मराठी माणसेही राहतात, जानेवारीत ती शून्याच्या खाली असेल. तिन्ही ठिकाणी गाडीचा संगणक सुरुवातीला एकच काम हाती घेतो: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापवणे. तो २५० ते ३०० अंशांच्या आसपास पोचल्याशिवाय विषारी वायूंवर नीट काम करत नाही. त्यासाठी संगणक आयडलचे आरपीएम वाढवतो आणि ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतो, म्हणजे जळत्या वायूंची उष्णता पिस्टनऐवजी एक्झॉस्टकडे जाते. काही गाड्यांत एक छोटा पंप एक्झॉस्टमध्ये ताजी हवाही ढकलतो. त्यामुळे पहिले अर्धे ते एक मिनिट गाडी जोरात वाजते, पुढच्या बाजूने घरघर येते, आणि मग आरपीएम खाली येऊन ती शांत होते. हे सगळे रोज एकाच पद्धतीने होत असेल तर तो दोष नाही.

त्यात उत्पादकाने ठरवलेले वर्तनही असते. काही गाड्यांत झडपा सुरू होताना मुद्दाम उघड्या राहतात आणि काही सेकंदांनी मिटतात. काहींत इग्निशन बंद झाले की आधी निवडलेला मोड पुसला जातो. उलट टोकाला फोर्डने २०१८ सालच्या मस्टँग जीटीला शांत सुरुवातीचा मोड दिला. फोर्डमध्ये वाहन अभियांत्रिकीचे प्रमुख राहिलेले स्टीव्ह फॉन फोर्स्टर यांनी आपली शेल्बी जीटी३५० घरातून बाहेर काढताना झालेल्या आवाजावरून शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावले होते, त्यातून ही कल्पना निघाल्याचे कंपनीने जाहीरपणे सांगितले आहे. या मोडला वेळ लावून ठेवता येते. म्हणजे रात्री नऊ ते सकाळी सात गाडी आपोआप हळू आवाजात सुरू होईल. आता अशी वेळ आधीच्या मालकाने लावून ठेवली असेल आणि गाडी तुम्ही जुनी विकत घेतली असेल, तर सकाळी सहाला ती मुकी आणि आठला बोलकी वाटणारच. गाडीखाली शिरण्याआधी मालकाची पुस्तिका आणि सेटिंग्जचा मेनू पूर्ण वाचा. कंटाळवाणे आहे, पण फुकट आहे.

झडप चालते कशी

झडप म्हणजे एक्झॉस्टच्या नळीत आडव्या दांडीवर बसवलेली गोल चकती. मिटली की वायू सायलेन्सरच्या लांब, वळणावळणाच्या वाटेने जातात. उघडली की सरळ बाहेर पडतात. तिला फिरवायच्या दोन मुख्य पद्धती आहेत.

जुन्या आणि अजूनही रस्त्यावर भरपूर असलेल्या गाड्यांत हे काम व्हॅक्यूमवर होते. इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून किंवा वेगळ्या पंपातून व्हॅक्यूम घेतात, तो छोट्या टाकीत साठवतात, मागे उलटा जाऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावतात. मग विजेवर चालणारा सोलेनॉइड तो व्हॅक्यूम झडपेजवळच्या डबीपर्यंत सोडतो. डबीत रबरी डायफ्रॅम असतो. तो ओढला गेला की दांडी फिरते. शेवरोले कॉर्व्हेटची सहावी पिढी, म्हणजे २००५ ते २०१३ च्या गाड्या, याचे चांगले उदाहरण. तिच्या २००६ च्या झेड०६ मॉडेलला ही यंत्रणा मुळातच होती. साध्या मॉडेलला ती २००८ पासून ज्यादा पैसे देऊन मिळू लागली. तिचे ६.२ लिटरचे एलएस३ इंजिन या सायलेन्सरसह ४३० ऐवजी ४३६ अश्वशक्तीचे म्हणून नोंदले गेले. सहा अश्वशक्तीसाठी कोणी ती घेतली नसावी. घेतली ती आवाजासाठी. पोर्शेच्या ९११ मधला स्पोर्ट्स एक्झॉस्टही बरीच वर्षे व्हॅक्यूमवरच चालत आला आहे.

नव्या गाड्यांत झडपेवरच छोटी विजेची मोटर बसवलेली असते. २०१८ पासूनची मस्टँग आणि २०२० ची आठव्या पिढीची कॉर्व्हेट या पद्धतीच्या. यांत नळ्या नाहीत, टाकी नाही, पण मोटर स्वतः गरम नळीला चिकटून बसलेली असते आणि पाणी, चिखल, मीठ सगळे तिच्या अंगावर उडते.

दोष शोधताना एक गोष्ट आधी माहीत हवी: तुमच्या गाडीत ताकद मिळाली नाही तर झडप कोणत्या बाजूला जाते? व्हॅक्यूमच्या बहुतेक मूळ यंत्रणांत स्प्रिंग झडप उघडी ठेवते आणि व्हॅक्यूम ती मिटवतो. कारण सरळ आहे. काही बिघडले तर वाट मोकळी राहावी, वायू कोंडू नयेत. म्हणूनच सहाव्या पिढीच्या कॉर्व्हेटचे मालक झडपेचा फ्यूज काढून गाडी कायम मोठ्या आवाजात चालवतात. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये मात्र उलटी रचनाही सापडते, म्हणून किटचा कागद पाहिल्याशिवाय काही गृहीत धरू नका.

आता थंड सुरुवातीचा आणि या यंत्रणेचा संबंध लक्षात येईल. झडप चालायला हुकूम लागतो, ताकद लागते आणि दांडी मोकळी लागते. सकाळच्या पहिल्या मिनिटात या तिन्ही गोष्टी सर्वांत कमजोर असतात. सेल्फ मारताना बॅटरीचा दाब खाली आलेला असतो, म्हणून हुकूम अडखळतो. कन्व्हर्टर तापवण्यासाठी ठिणगी उशिरा पाडलेली आणि थ्रॉटल जास्त उघडलेला असतो, म्हणून मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम नेहमीपेक्षा कमी असतो. रबर कडक आणि प्लास्टिक आखडलेले असते, त्यामुळे तापल्यावर बंद होणारी बारीक फट आत्ता उघडी असते. आणि चकतीच्या दांडीवर रात्रभराचे पाणी साचून गंज धरलेला असतो.

पाणी कुठून आले? पेट्रोलमधूनच. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटरच्या जवळपास पाणी तयार होते. एक्झॉस्ट तापलेला असेल तर ते वाफ होऊन बाहेर जाते. सायलेन्सर थंड असेल तर त्याच्या पोटात थेंब होऊन साठते. सकाळी एक्झॉस्टच्या शेपटीतून थेंब गळणे आणि पांढरी वाफ दिसणे यात काळजीचे काही नाही. गाडी पूर्ण तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर कूलंट जळतो आहे. निळसर धूर असला तर ऑइल. तेव्हा झडप बाजूला ठेवा आणि आधी इंजिन दाखवा.

ऐका, मग हात लावा

तपासणीसाठी दुसरा माणूस लागतो. आणि मोकळी जागा लागते. हे दोन्ही टाळू नका. थंड इंजिनात मिश्रण पेट्रोलने भरलेले असते आणि कन्व्हर्टर अजून काम करत नसतो, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड याच मिनिटात सर्वांत जास्त निघतो. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये, शेपटीजवळ वाकून ही तपासणी करणे जिवावर बेतू शकते. गाडी आदल्या रात्रीच उघड्यावर लावा.

गाडी निदान आठ तास उभी हवी. सकाळी सेल्फ मारण्याआधी बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली आहे, १२.२ असेल तर निम्मी रिकामी. आठवड्यातून एकदा निघणाऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये ही निम्मी रिकामी बॅटरी नेहमीची गोष्ट आहे. तिच्यामुळे सेल्फच्या वेळी दाब इतका खाली जातो की झडपेचे मॉड्यूल सुरुवातीची स्वतःची तपासणी पूर्ण करत नाही आणि त्या फेरीपुरते हात वर करते. अशा गाडीत झडपेचे भाग बदलत बसणे व्यर्थ आहे. बॅटरी पूर्ण भरा, दुसऱ्या सकाळी पुन्हा ऐका. माझ्या मते विजेवर चालणाऱ्या झडपेच्या प्रत्येक तक्रारीत ही पहिली पायरी असायला हवी, आणि हीच सर्वांत जास्त वेळा वगळली जाते.

मग मोबाइल शेपटीपासून साधारण एक मीटरवर ठेवून चित्रण सुरू करा आणि सोबत्याला गाडी सुरू करायला सांगा. ॲक्सिलरेटर दाबायचा नाही. थंड इंजिनात ऑइल सगळीकडे पोचलेले नसते, ते पळवून काही सिद्ध होत नाही. दहाव्या सेकंदाला झडपेचे बटन दाबा, विसाव्याला परत दाबा, आरपीएम खाली आल्यावर पुन्हा दोनदा. पाच मिनिटे चालवून बंद करा, दहा मिनिटांनी हेच सगळे परत. या दोन चित्रणांत जो फरक दिसेल तोच तुमचा पुरावा, आणि गॅरेजमध्ये दाखवायलाही तो उपयोगी पडतो.

चित्रण ऐकताना काय ताडायचे? दोन बाजूंना दोन झडपा आहेत आणि एकाच बाजूचा आवाज वेगळा आहे, तर अर्धे काम झाले. बटन, फ्यूज, टाकी, आणि बऱ्याच गाड्यांत सोलेनॉइडही, दोन्ही बाजूंना सामाईक असतो. एक बाजू नीट चालते याचा अर्थ हे सगळे ठीक आहे. दोष नळी फुटून दोन्हीकडे जाते त्या टी-जॉइंटच्या पुढे, त्या बाजूच्या नळीत, डबीत किंवा दांडीत आहे. जिथे जमेल तिथे डाव्या-उजव्या नळ्या अदलाबदल करून पाहा. दोष नळीबरोबर सरकला तर नळी, जागेवर राहिला तर डबी किंवा दांडी.

दोन्ही बाजू सकाळी मोठ्या आणि दहा मिनिटांच्या विश्रांतीनंतर ठीक असतील तर व्हॅक्यूमचा साठा रात्रीत गळतो आहे किंवा थंडीत फट उघडते आहे. दोन्ही बाजू कायम मोठ्या असतील आणि बटनाने काहीच फरक पडत नसेल तर फ्यूज, सोलेनॉइडचा प्लग आणि मुख्य नळी बघा. जुन्या गाडीत फ्यूज आधीच्या मालकाने मुद्दाम काढलेला असण्याची शक्यता खरोखर असते. दोन्ही कायम मुक्या असतील तर दांड्या मिटलेल्या अवस्थेत गंजल्या आहेत, किंवा सोलेनॉइडची हवा सोडायची बारीक वाट धुळीने बुजली आहे. डबीतला व्हॅक्यूम निघून जाऊ शकला नाही तर स्प्रिंगला झडप उघडता येत नाही.

आणि एक आवाज झडपेचा नसतोच. थंड असताना पुढून टिक्-टिक्, वेग वाढवला की टिकटिकही वाढते, तापल्यावर बंद: हे मॅनिफोल्डच्या गास्केटचे किंवा तुटलेल्या बोल्टचे लक्षण. धातू तापून फुगला की फट मिटते. थेट इंधन-इंजेक्शनच्या इंजिनात दाबाचा पेट्रोल पंप आणि इंजेक्टरही टिकटिकतात, पण ते गरम झाल्यावरही चालूच राहते. या टिकटिकीसाठी सायलेन्सर बदललेल्या मालकांची मला फार हळहळ वाटते.

व्हॅक्यूमची परीक्षा

हातपंप आणि त्यावर मीटर, एवढेच हत्यार लागते. गाडी जॅकवर उचलून स्टँडवर टेका. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका. हे काम सकाळी, गाडी सुरू करण्याआधी करायचे, कारण थंड फट फक्त तेव्हाच सापडते, आणि एक्झॉस्टला हातही तेव्हाच लावता येतो.

शेवटापासून सुरू करा. झडपेच्या डबीवरची नळी काढा, तिथे पंप जोडा आणि पाऱ्याचे १५ ते २० इंच, म्हणजे साधारण ५० ते ६८ किलोपास्कल, इतका व्हॅक्यूम ओढा. दांडी एका झटक्यात पूर्ण फिरली पाहिजे आणि मीटरचा काटा मिनिटभर जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. काटा पडला तर डायफ्रॅम फाटलेला आहे. काटा स्थिर आहे पण दांडी हलत नाही किंवा अर्ध्यावर अडते, तर डबी चांगली आणि दांडी जाम. इतक्या साध्या परीक्षेने दोन महागड्या भागांपैकी निर्दोष कोण ते समजते.

डबी ठीक असेल तर नळीचे टोक बुजवून तिच्या दुसऱ्या टोकाला पंप लावा. मग टी-जॉइंट, मग टाकी, मग नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. या व्हॉल्व्हमधून एका बाजूने फुंकले तर हवा जावी, दुसऱ्या बाजूने मुळीच जाऊ नये. नळ्या नुसत्या डोळ्यांनी पाहून सोडू नका, बोटांनी वाकवा. उष्णतेजवळच्या नळ्यांच्या टोकांना बारीक तडे जातात, ते नळी वाकवल्याशिवाय दिसत नाहीत. टोकाचा फाटका भाग कापून नळी परत घट्ट बसवता आली तर दुरुस्ती तिथेच संपली. नवीन घ्यायची झाल्यास व्हॅक्यूमसाठीचीच, उष्णता सोसणारी नळी घ्या. काचा धुण्याच्या पाण्याची मऊ नळी व्हॅक्यूमने चपटी होते.

गळती मोठी असेल तर तिची खूण इंजिनातही उमटते. चोरवाटेने हवा आत शिरली की मिश्रण पातळ होते आणि स्कॅनरवर पी०१७१ किंवा पी०१७४ हे कोड येतात. झडपेची तक्रार आणि यातला एखादा कोड एकत्र दिसला तर सायलेन्सरकडे न जाता सरळ इंजिनजवळच्या नळ्यांपासून सुरुवात करा.

मीटर वाचताना उंचीचा हिशेब ठेवा. समुद्रसपाटीला गरम, निरोगी इंजिन आयडलवर १७ ते २१ इंच दाखवते. उंची वाढेल तशी हवा विरळ होते आणि दर ३०० मीटरला साधारण एक इंच कमी होतो. पुणे साडेपाचशे मीटरवर आहे, म्हणजे तिथे दोनेक इंच कमी दिसणे साहजिक. महाबळेश्वरच्या घाटमाथ्यावर चारेक इंच. मुंबईत जेमतेम चालणारी यंत्रणा घाट चढून गेल्यावर सकाळी बंद पडते ती यामुळे. दोष तिथल्या हवेचा नाही, आधीच असलेल्या गळतीचा आहे.

सोलेनॉइडची तपासणी छोटी आहे. इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून सोबत्याला बटन दाबायला सांगा. बोट ठेवले तर टक् असे जाणवते. काही गाड्यांत इंजिन चालू असल्याशिवाय हुकूमच जात नाही, तेव्हा स्कॅनरमधून ॲक्टिव्ह टेस्ट द्यावी लागते. विजेचा दाब मोजायचा तो प्लग जोडलेला असताना, मागच्या बाजूने टोक टेकवून. प्लग काढून मोजलात तर गंजलेल्या वायरवरही १२ व्होल्ट दिसतात आणि फसगत होते. दाब बरोबर आहे पण टक् नाही, तर सोलेनॉइड बदला; या सगळ्यात तो स्वस्त भागांपैकी एक आहे.

विजेच्या मोटरवाल्या झडपेत दांडी हाताने किंवा पक्कडीने जबरदस्तीने फिरवू नका, आतले छोटे गिअर तुटतात. मोटर धरून ठेवणारे नट सोडवा, मोटर बाजूला काढा आणि मग नुसती दांडी फिरवून पाहा. ती सहज फिरत असेल तर दोष मोटरचा, प्लगमधल्या पाण्याचा किंवा वायरचा. दांडी घट्ट असेल तर नवी मोटरही काही दिवसांत जळेल. मोटर बदलल्यावर बऱ्याच गाड्यांत तिला उघडी आणि मिटलेली ही दोन टोके शिकवावी लागतात; ते स्कॅनरचे काम आहे आणि ते झाल्याशिवाय पैसे चुकते करू नका.

जाम दांडी मोकळी करणे

हे काम घाईचे नाही. एक्झॉस्ट पूर्ण थंड असताना दांडी जिथे नळीच्या बाहेर येते तिथे गंज सोडवणारे तेल थोडे थोडे टाका आणि रात्रभर मुरू द्या. डबीच्या रबरावर किंवा मोटरच्या प्लगवर ते उडू देऊ नका. रबर फुगून खराब होते. दुसऱ्या दिवशी दांडी पुढे-मागे हलवत, दर वेळी थोडी अधिक, मोकळी करत न्या. एकदम जोर लावला तर दांडी पिळली जाते आणि मग खरोखरच सायलेन्सर उघडावा लागतो. मोकळी झाल्यावर साधे ग्रीस लावू नका, ते जळून कोळसा होते आणि दांडी आधीपेक्षा घट्ट बसते. निकेल किंवा तांबे असलेली, एक्झॉस्टसाठीचीच अँटी-सीझ पेस्ट लावा. नंतर पहिल्यांदा गाडी सुरू केल्यावर थोडा धूर आणि जळका वास येईल. तेल जळून गेले की थांबेल.

खरखर येत असेल तर दांडीचे बूश झिजलेले आहेत. तापल्यावर धातू फुगून ढिलाई भरून निघते, म्हणून आवाज फक्त सकाळी. मात्र त्याआधी उष्णतारोधक पत्र्यांचे क्लिप आणि पट्टे हाताने हलवून बघा. सैल पत्रा अगदी तसाच वाजतो, आणि त्याला एक स्टीलची क्लिप पुरते. बूशच झिजले असतील तर चांगला फॅब्रिकेटर नवे बसवून देऊ शकतो, पण चकती परत तिच्या जागी नीट मिटते की नाही हे त्याच्यासमोर व्हॅक्यूम देऊन तपासा.

हे सगळे करण्याऐवजी फ्यूज काढून मोकळे व्हा, असा सल्ला हमखास मिळतो. तो घेऊ नका. कायम उघडी ठेवलेली दांडी न हलल्याने त्याच जागी गंजते, आणि गाडी मंजूर झालेल्या अवस्थेत राहत नाही. युरोपात आवाजाच्या चाचणीचा नियम आर५१.०३ लागू झाल्यापासून चालकाने निवडायचे मोडही तपासणीत धरले जातात. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतल्या फेरफारांना मर्यादा घालते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ध्वनी आणि हवेच्या प्रदूषणाची मानके मोडल्यास कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र आहे. पहाटे पाचला लोणावळ्याकडे निघणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. त्या वेळी वरच्या मजल्यावर तान्हे मूल झोपलेले असते, रात्रभर जागलेल्या आजारी माणसाचा नुकता डोळा लागलेला असतो. झडप मिटवता येणे ही या गाडीची खरी सोय आहे आणि ती चालू अवस्थेत ठेवणे मालकाचे काम आहे.

दुरुस्तीनंतर गाडीची सवय थोडी बदला. दोन मिनिटे सुरू करून बंद करणे हा तिच्या सायलेन्सरवरचा सर्वांत वाईट प्रयोग आहे. पाणी तयार होते आणि बाहेर पडत नाही. काढलीच तर वीस-तीस मिनिटे चालवा, सायलेन्सरचे मागचे टोकही पूर्ण तापू द्या, आणि वाटेत मोकळ्या रस्त्यावर झडप काही वेळा उघडा आणि मिटवा. कोकणपट्टीत आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे, आणि पावसाळ्यात सगळीकडेच, ही फेरी दर आठवड्याला हवी. थंड मुलुखात रस्त्यावर मीठ टाकतात तिथे हिवाळ्याआधी दांडीवर अँटी-सीझचा नवा हात द्या. गाडी महिनोन्महिने उभी करायची असेल तर ती मधूनच सुरू करण्याऐवजी बॅटरीला मेंटेनर लावून ठेवा.

आणि काम पूर्ण झाले असे समजण्याआधी सलग काही सकाळी, आठ तास उभ्या गाडीवर, तेच चित्रण त्याच अंतरावरून पुन्हा करा. जुन्या चित्रणाशेजारी ते ऐका. दोन्ही बाजू एकाच वेळी मिटत असतील आणि बटनाला दोन्ही एकत्र उत्तर देत असतील, तर गॅरेजचे बिल चुकते करायला हरकत नाही.